धाकूचा चेहरा

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, पत्र्याच्या डब्यांवर रंग मारणाऱ्या एका कारखान्याच्या मागे एक लांबोडकी शेड होती. तिच्यावर पाटी नव्हती. चुकून आत डोकावणारा माणूस पहिल्यांदा दचकायचाच, कारण आत माणसं उभी असायची आणि ती हलत नसत. कुणाला हात नाहीत, कुणाचं डोकं बाजूच्या फळीवर ठेवलेलं, कुणी नुसताच लोखंडी सळ्यांचा सांगाडा. अंधेरीत नव्याने उघडायच्या साष्टी लोकजीवन संग्रहालयाची ही कार्यशाळा. कारखाने आणि कॉलन्या यायच्या आधी या बेटावर जी गावं होती, त्या गावांतली माणसं पुरुषभर उंचीच्या पुतळ्यांतून दाखवायची असं विश्वस्तांनी ठरवलं होतं. मिठागरावरचा आगरी, माडावर चढणारा भंडारी, भात लावणारी बाई, आणि दालनाच्या मधोमध खऱ्या होडीत उभा असलेला कोळी. हे सगळे पुतळे घडवायचं काम कमल इंगोलेकडे होतं.

कमल तिशीची, घाटकोपरच्या पूर्वेला महामार्गालगतच्या वस्तीत वाढलेली. वडील गिरणीत होते. पोरगी भिंतीवर कोळशाने माणसं काढते म्हणून आईने मारलं, तेव्हा मध्ये पडून त्यांनी तिला कागद आणून दिले होते. शिल्पकलेची पदविका घेऊन तिला चार-पाच वर्षं झाली होती, पण नोकरी अशी हीच पहिली, आणि तीही तात्पुरती. दालन उघडलं की कायम करू, असा क्युरेटर वसुधा प्रधान यांनी शब्द दिला होता.

वसुधा मॅडमचा एक हट्ट होता. पुतळ्यांना मनाने रचलेले चेहरे नकोत, खऱ्या माणसांचे हवेत. "नाहीतर दुकानातल्या बाहुल्या आणि आपण यात फरक काय, कमल?" त्या म्हणायच्या. म्हणून जिवंत माणसाच्या तोंडावर प्लास्टर लावून साचा काढायचा, असं ठरलं.

धाकू असा आला. शहाऐंशी सालच्या जानेवारीत संग्रहालयाने माहुलच्या एका कोळ्याकडून जुनी होडी घेतली, आणि ती ट्रकमधून उतरवताना तोच कोळी तिच्याबरोबर आला. रुंद खांद्यांचा, पन्नाशीला टेकलेला, डाव्या भुवईतून गेलेला जुना वण, आणि तोंडाचा पट्टा सतत चालू. बरोबर बायको जानकी. होडी शेवटची बघायची म्हणून तीही ट्रकमध्ये चढून बसली होती. सुतारकामाचा शिवदास मेस्त्री होडीला टेकू लावत होता, तर धाकू त्याला दर फळीची कुळकथा ऐकवत होता.

कमल लांबून त्याचा चेहरा बघत राहिली. मग जवळ जाऊन तिने भीतभीत विचारलं.

"माझं तोंड?" धाकू हसला. "घे की. पण मग त्या होडीत मीच उभा राहणार ना? दुसरा कोणी नको."

"तुम्हीच, धाकूदादा. पण साचा सुकेपर्यंत तोंड बंद ठेवायचं. हसायचं नाही, बोलायचं नाही."

"ह्याला?" जानकी म्हणाली. "मना इतक्या वर्षांत जमलं नाय ते तुला जमतं काय बघ."

पहिला साचा धाकूच्या हसण्याने फुकट गेला. दुसऱ्या वेळी कमलने त्याला बाकावर निजवलं, भुवया आणि मिशीला व्हॅसलीन चोपडलं, नाकात श्वासापुरत्या नळ्या बसवल्या आणि सांगितलं, "घुसमटलं तर हात वर करा." पांढऱ्या लगद्याखाली धाकूचं तोंड दिसेनासं झालं. प्लास्टर सुकताना गरम होतं, त्याने तो एकदा चुळबुळला. जानकीने त्याचा हात हातात घेतला आणि ती तशीच बसून राहिली. थोड्या वेळाने नळ्यांतून घोरण्याचा आवाज यायला लागला, तेव्हा शिवदासला करवत खाली ठेवून बाहेर जाऊन हसावं लागलं.

त्या साच्यातून निघालेल्या चेहऱ्याचे डोळे अर्थातच मिटलेले होते. कमलने साच्यात माती दाबून तो चेहरा मातीत उतरवला आणि तारेच्या हत्याराने पापण्या उघडल्या. डोळे उघडायलाच तिला कितीतरी दिवस लागले. आधी ते भ्यायलेले दिसले, मग रागावलेले. एका दुपारी बुबुळाखाली अंगठ्याने जरासं दाबलं आणि समोर धाकू. काहीतरी सांगायला सुरुवात करणार, त्याच्या आधीच्या क्षणाचा. कमल हात धुवायचं विसरून स्टुलावर बसून राहिली. आपल्याला हे येतं, हे तिला आयुष्यात पहिल्यांदा कळलं.

मे महिन्यात धाकू येऊन बघून गेला. "एवढा म्हातारा दिसतो मी?" म्हणाला, पण जाताना दारातून दोनदा वळून बघितलं. "दालन उघडलं की अख्खा कोळीवाडा घेऊन येतो," असं त्याने वसुधा मॅडमना सांगून टाकलं.

नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा पाण्यात गेल्या. आणि सप्टेंबरात एका सकाळी शिवदास होडीसाठी जुनं वल्हं मिळतं का बघायला माहुलला गेला, तो दुपारी रिकाम्या हाताने परत आला. कमलने मातीचा चेहरा दुसऱ्या साच्याने कागदाच्या लगद्यात उतरवला होता, तो साचा सोडवतानाच फुटला होता; आता पुतळ्याला मानेपर्यंत रंग देऊन ती चेहऱ्याकडे वळली होती.

"कमल, ब्रश ठेव गो," तो म्हणाला. "धाकू गेलो. खाडीच्या तोंडाक वारो फिरलो नि होडी उलटली. दोगां होती. दुसऱ्याचा मढा मिळाला. धाकूचा नाय मिळाला."

कमलने ब्रश ठेवला. समोर धाकू तिच्याकडे बघत होता, एक डोळा रंगवलेला, एक पांढरा.

दुसऱ्या दिवशी ती माहुलला गेली. तेल शुद्धीकरणाच्या चिमणीची ज्योत भर दुपारी पेटलेली, हवेत तो नेहमीचा वास, आणि दोऱ्यांवर बोंबील नव्हते. घरात बायका बसल्या होत्या, पण जानकी नव्हती. ती जेट्टीवर होती. कमल शेजारी जाऊन बसली, तशी जानकी सहज म्हणाली, "रेवसला लागला असंल. नायतर उरणला. त्याला पोहता येतं. येईल."

तिच्या कपाळावर कुंकू होतं.

परतताना धाकूचा धाकटा भाऊ धोंडू तिला बसथांब्यापर्यंत पोचवायला आला. वाटेत तो थांबला.

"बाई, एक मागणं हाय. वहिनी ऐकत नाय. जेवत नाय, नीजत नाय, सकाळपासून तिथं. भटजी बोलला, मढं मिळत नाय तर पळसाच्या पानांचा पुतळा करा, त्याला अग्नी द्या. पण पानांना ती मानायची नाय. बोलते, पाला जाळून माझा माणूस मेला काय?" त्याने चप्पल जमिनीवर घासली. "तुमच्याकडं त्याचा पुतळा हाय. कागदाचाच ना? तो द्या. तोंड बघंल तर तिला पटंल. रडंल तरी."

कमल म्हणाली, "मॅडमना विचारते."

तिने मॅडमना विचारलं. वाईट त्यांनाही वाटलं होतं. मग म्हणाल्या, "आपण जाळायला द्यायचा? कमल, नोव्हेंबरात उद्घाटन आहे. अख्खं दालन त्या होडीभोवती उभं आहे. आणि त्याची स्वतःची इच्छा काय होती? त्याला तिथं उभं राहायचं होतं. तो तुझ्यामुळे कुठंतरी राहणार आहे. ते त्यांना नीट समजावून सांग."

यात खोटं काही नव्हतं. पण कमलला स्वतःचं एक कळत होतं, आणि ते तिने कुणालाच सांगितलं नाही. मॅडम नाही म्हणाल्या तेव्हा तिला बरं वाटलं होतं. तो पुतळा तिलाच द्यायचा नव्हता. तिच्या हातून इतकं चांगलं काही झालं नव्हतं, पुन्हा होईल याचा भरवसा नव्हता. धोंडू आला तेव्हा तिने सगळं मॅडमवर ढकललं. "माझ्या हातात काही नाही, धोंडूदादा," ती म्हणाली. त्याने पुतळ्याकडे एकदा बघितलं, लगेच मान फिरवली आणि निघून गेला.

रागाच्या भरात त्याने ते जानकीला सांगितलं असावं. कारण त्याच आठवड्यात एका सकाळी ती एकटीच, बस बदलत, शेडच्या दारात येऊन उभी राहिली.

"कुठं हाय तो?"

शिवदासची करवत थांबली. कमलने नुसता हात केला. जानकी त्या अर्धवट माणसांमधून चालत टोकाला गेली. धाकू होडीत उभा होता, डोक्याला लाल टोपी, दोन्ही हातांत जाळं, नजर जरा खाली. आता दोन्ही डोळे रंगवलेले. जानकी खूप वेळ बघत राहिली. कमलला वाटलं, आता ही कोसळेल. ती पुढे झाली, तिच्या नकळत तिचे हात पुढे आले.

जानकीने पदराचं टोक घेतलं आणि धाकूच्या खांद्यावरचा लाकडाचा भुसा झटकला.

"किती धूळ बसलीय," ती म्हणाली. "इथं कोणी झाडत नाय काय?"

दुसऱ्या दिवशीही ती आली. तिसऱ्याही. होडीच्या कडेला बसायची आणि हळू आवाजात बोलत राहायची. कोण येऊन गेलं, कुणाची होडी रिकामी आली, पोरीने काय उलट उत्तर केलं. मध्येच रागावायची, मध्येच हसायची. आता ती जेट्टीवर जात नव्हती. धोंडू एकदा न्यायला आला तर त्याला म्हणाली, "तू हो पुढं. मी ह्यांचं झाल्यावर येते."

शेडमध्ये कुणालाच काम सुचेना. रंगकामाची पोरं दुसऱ्या टोकाला सरकून बसायला लागली. शिवदास जेवणाचा डबा बाहेर घेऊन जाऊ लागला.

"ह्या बरा नाय, कमल," एकदा तो म्हणाला. "आधी ती वाट बघी होती. वाट बघणारो माणूस कधीतरी थकता. हिका आता थकायची पण गरज नाय."

"मग काय करू? येऊ नका म्हणू?"

"तुया केलंस ना तो? मगे तुकाच म्हायत."

कमल त्याच्यावर चिडली, पण त्या संध्याकाळी घरी तिला जेवण गेलं नाही. तीन वर्षांपूर्वी वडील इस्पितळात वारले तेव्हा नातेवाईक तिला त्यांचं तोंड बघू द्यायला तयार नव्हते, पोरगी घाबरेल म्हणून. ती अडून बसली होती. चादर बाजूला केली. डोळे मिटलेले, हनुवटी फडक्याने बांधलेली, आणि ते तिचे वडील होते आणि नव्हतेही. त्या एका क्षणात तिला जे कळलं ते पुढे विहारात वंदना म्हणताना, पुण्यानुमोदनाच्या विधीला जेवणं वाढताना तिला पुरलं होतं. जानकीला तिने काय दिलं होतं? उघड्या डोळ्यांचा माणूस. काहीतरी सांगायला सुरुवात करणारा.

ऑक्टोबरात टेम्पोवाला मापं घ्यायला आला. पुतळे अंधेरीला हलवायचे होते. जानकी उठून उभी राहिली.

"कुठं नेतात?"

"मोठ्या दालनात, वहिनी. तिथं सगळ्यांसाठी काचेच्या पेट्या केल्यात. होडीसकट काचेत ठेवणार."

"काचेत?" जानकीचा चेहरा उतरला. "चारी बाजूंनी बंद? मग त्याला श्वास कुठून येणार?"

टेम्पोवाला टेप हातात धरून तसाच राहिला. कमलने जानकीकडे बघितलं. ती चेष्टा करत नव्हती.

दुसऱ्या दिवशी जानकी आली तेव्हा कमलने तिला होडीकडे जाऊ दिलं नाही. हाताला धरून आपल्या कामाच्या टेबलाशी आणलं. टेबलावर तो जुना साचा होता, धाकूच्या तोंडावरून काढलेला. वरून बघितलं तर नुसता प्लास्टरचा ओबडधोबड गोळा, आणि उलटा केला की आत खळगा.

"हे काय?"

"तुम्ही त्यांचा हात धरून बसला होतात ना, तेव्हाचं. ह्याच्या आत धाकूदादांचं तोंड होतं. खरंखुरं. तो होडीतला मी केलाय, वहिनी. माझ्या मनाने डोळे उघडलेत. हे मी केलेलं नाही."

जानकीने खळग्यात बोट घातलं. नाकाच्या जागी खोल गेलं. भुवईच्या जागी वणाची उलटी रेघ बोटाला लागली, तिथं ती थांबली.

"माझ्याबरोबर काम कराल?" कमलने विचारलं.

तिने खळ आणली, कीड लागू नये म्हणून मोरचूद घातलेली, हिरवट. वर्तमानपत्राच्या पट्ट्या फाडल्या. पट्टी भिजवायची, साच्यात दाबायची, बोटाने कोपऱ्याकोपऱ्यात बसवायची. जानकीला ते लगेच जमलं. जाळं विणणारी बोटं होती. दोघी शेजारी बसून थरावर थर देत गेल्या. जानकी आज धाकूशी बोलली नाही. एकदा फक्त म्हणाली, "गालाशी जास्त लागंल. गाल भरलेले त्याचे."

दोन-तीन दिवस साचा अंगणात उन्हाला ठेवला. जानकी तिथंच राखण बसायची. मग कडक वाजायला लागल्यावर कमलने सुरीने कडा सोडवल्या आणि हलक्या हाताने चेहरा बाहेर काढला. काळ्या-पांढऱ्या छापील अक्षरांनी भरलेला. डोळे मिटलेले. तोंड बंद.

तिने तो जानकीच्या मांडीवर ठेवला.

जानकी बघत राहिली. शेजारच्या कारखान्यात डबे आदळत होते. मग ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "धाकू." थोडं थांबली. "अरे, धाकू." तिने नवऱ्याला नावाने हाक मारलेली कमलने कधी ऐकली नव्हती. उत्तर आलं नाही. जानकी पुढे वाकली, कपाळ त्या कागदाच्या कपाळाला टेकवलं आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून डब्याच्या कारखान्यातली माणसं दारात आली.

विधी त्या आठवड्यातच झाला. पळसाच्या पानांच्या देहाला तो चेहरा लावला. कमल मॅडमना न विचारता गेली. बायका मागे थांबल्या होत्या, त्यांच्यात तीही लांब उभी राहिली. कागद होता, झटकन पेटला. धोंडूच्या खांद्यांवरून त्याचं रडणं कळत होतं. परतताना तो कमलशी फक्त एवढंच बोलला, "आता अग्नी दिलेला माणूस तिथं उभा राहायला नको, बाई. बरं नाय ते." आणि जानकीने, कोरं कपाळ, कमलचा हात धरून म्हटलं, "आता तिकडं माझं काय नाय, कमल."

कमलने ते वाक्य बसमध्ये मनात किती वेळा फिरवलं कोण जाणे. मरोळला उतरेपर्यंत तिचं ठरलं होतं. शेडमध्ये त्या वेळी शिवदास एकटा होता. तिने धाकूच्या होडीत चढून आधी टोपी काढून ठेवली. मग पाणी लावून लावून चेहरा मऊ केला आणि लोखंडी पट्टी घेऊन खरवडायला लागली. डोळे आधी. शिवदास धावत आला.

"काय करतंस तां? येडी झालंस?"

ती थांबली नाही. भुवई गेली, नाकाचं टोक गेलं. हुंदके देत ती ते काम करत होती आणि तरी हात व्यवस्थित चालत होता, चेहऱ्याखेरीज कुठं ओरखडा जाऊ नये म्हणून जपत होता. मग खाली उतरून तिने टेबलावरचा साचा उचलला आणि हातोडीने फोडला. मागे काही ठेवायचं नाही, असं तिने ठरवलं होतं.

वसुधा मॅडम आल्या तेव्हा त्या ओरडल्या नाहीत. होडीसमोर उभ्या राहून त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"तू मला विचारायला हवं होतंस."

"तुम्ही नाही म्हणाला असतात, मॅडम."

"हो. नाही म्हणाले असते." त्यांनी होडीच्या कडेवर हात ठेवला. "मी त्या माणसाला ओळखत होते, कमल. मला तो आवडायचा. तो म्हणाला होता, अख्खा कोळीवाडा घेऊन येतो. त्याचा विचार कुणी केला? तू केलास?"

कमल होडीखाली पडलेला कागदाचा चुरा हाताने गोळा करायला लागली.

नवा चेहरा करायला वेळ उरला नव्हता. शेवटी होडीच मधून हलवून, भिंतीकडे तोंड फिरवून लावली. नोव्हेंबरात दालन उघडलं तेव्हा कोळी प्रेक्षकांकडे पाठ करून, मान खाली घालून जाळं ओढत उभा होता. पाहुण्यांना ती मांडणी फार आवडली, असं शिवदासने नंतर सांगितलं. कमलला निमंत्रण नव्हतं. तिची मुदत संपली आणि ती वाढवली गेली नाही.

पुढचं वर्षभर ती चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत कपड्यांच्या दुकानांसाठी बाहुल्या करणाऱ्या एका कारखान्यात जात होती. सगळ्यांचं नाक एकाच साच्यातलं. त्या कामात त्रास नव्हता.

सत्याऐंशीच्या दिवाळीनंतर एका रविवारी जानकी घाटकोपरला तिच्या दारात आली. हातात पिशवी, पिशवीत कोलंबी. अंगाने सुधारली होती. चेंबूरच्या बाजारात टोपली घेऊन बसते म्हणाली. कमलच्या आईने चहा केला. इकडचं तिकडचं झालं. पोरीचं लग्न ठरलं होतं.

"त्यासाठीच आली," जानकी म्हणाली. "पोरगी बोलते, बाबाचा एक फोटोपण नाय घरात. होता तो लायसनवरचा, तो त्याच्या खिशात गेला. मी बोलली, फोटो कशाला, कमलकडं साचा हाय. एक तोंड काढून दे मना. लग्नात पाटावर ठेवू. पोरगी पाया पडंल."

कमलने हातातली बशी खाली ठेवली.

"वहिनी, साचा नाहीये. मी फोडला."

"फोडला?"

"तुम्ही म्हणाला होतात. तिकडं माझं काय नाही. मला वाटलं…"

"मी फोडायला कुठं सांगितलं?" जानकी तिच्याकडे बघत राहिली. "मी बोलली, मी तिकडं येणार नाय आता. एवढंच बोलली. होडीत हाय ना तो तरी?"

कमलने नाही अशी मान हलवली. होडीतलाही नाही, हे तिला तोंडाने सांगता आलं नाही. पण जानकीला ते समजलं. ती भिंतीकडे बघत बसली. रागावली असती तर कमलला सोसलं असतं. आईने मध्येच कोलंबी उचलून आत नेली, म्हणजे दोघींना बोलता यावं.

मग कमल उठली. पलंगाखालून मातीची बादली ओढून काढली, वरचं ओलं फडकं बाजूला केलं. तिने वर्षभर त्या मातीला हात लावला नव्हता, तरी दर आठवड्याला पाणी शिंपडून ती जिवंत ठेवली होती. पाटावर गोळा थापला आणि जानकीसमोर फतकल मारून बसली.

"सांगा मला," ती म्हणाली. "मला आठवतंय तेवढं मी करते. चुकलं की सांगा."

कपाळ लवकर आलं. खांद्यासारखंच रुंद. नाकाशी अडलं. जानकी म्हणे, इतकं बसकं नव्हतं. कमलच्या बोटांना मात्र ते तसंच आठवत होतं. वण कोणत्या भुवईत होता यावर वाद झाला. कमल डावी म्हणाली, जानकी उजवी. "अगं, मी रोज समोर बसून जेवायची," जानकी तावातावाने म्हणाली, आणि मग स्वतःच गप्प झाली. समोर बसल्यावर डावं कुठलं, उजवं कुठलं, हे तिने हवेत हात धरून पुन्हा पुन्हा बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "एवढ्यात कसं गं विसरायला होतं?"

पुढच्या रविवारी ती परत आली. त्याच्या पुढच्याही. मध्ये एकदा धोंडूला घेऊन आली. तो म्हणाला, हा आमच्या बापासारखा दिसतो. एकदा पोरीला आणलं. तिने काही न बोलता हनुवटीवर बोट ठेवून थोडी माती काढली, आणि ते बरोबर होतं. डोळे उघडे ठेवायचे की मिटलेले, हे कमलने विचारलं नाही. जानकीनेच एके दिवशी सांगितलं, "उघडे कर. पोरीचं लग्न हाय. बघू दे त्याला."

लग्नाच्या आधीच्या रविवारी कमल गालावरून शेवटचा हात फिरवत होती. तिला अजून पटत नव्हतं. ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी राहत होतं, ते मरोळच्या शेडमध्ये एका दुपारी आपोआप आलं होतं आणि आता काही केल्या येत नव्हतं. तिने कोपरा पुसला, पुन्हा केला, पुन्हा पुसला.

जानकीने तिचं मनगट धरलं.

"असू दे आता," ती म्हणाली. "जास्त हात लावलास तर हापण जाईल."

कमलने हात बाजूला घेतले आणि मांडीवर पुसले.